मोबाइलवरच्या दुकानासाठी ‘स्टोअरफ्रंट’ थीम

वर्डप्रेस या संकेतस्थळ बनवण्याच्या प्रणालीवर वूकॉमर्स हे ऑनलाइन दुकानाचे प्लगइन (जोडणी) बसवून विक्री करणाऱ्या लहान दुकानदाराने मोबाइलसाठी वेगळे संकेतस्थळ करण्याच्या खर्चात पडण्याआधी वूकॉमर्सच्याच चमूने तयार केलेली ‘स्टोअरफ्रंट’ ही मोफत थीम (संकेतस्थळाच्या रूपाचा तयार साचा) अवश्य लावून पाहावी, असे माझे ठाम मत आहे. फोनवर पान उघडताच पडद्याच्या तळाशी खाते, शोध आणि कार्ट यांची एक पट्टी दिसते. अंगठा सहज पोहोचतो तिथेच ती असल्यामुळे एका हाताने खरेदी करणाऱ्याला पुन्हा पुन्हा वर जावे लागत नाही. कार्टची मांडणी तर मला विशेष आवडली. संगणकावर दिसणारा रुंद तक्ता फोनवर आडवा सरकवावा लागत नाही, कारण स्तंभांची शीर्षके निघून जातात आणि प्रत्येक ओळीत डावीकडे किंमत, नग, एकूण अशी नावे व उजवीकडे त्यांचे आकडे येतात. दिसायला थीम साधीच आहे. पैठणीसारख्या मालाला शोभेल असा थाट हवा असल्यास चाइल्ड थीम, म्हणजे मूळ थीमवर आधारलेली आपली वेगळी थीम, करून अक्षरे आणि मोकळी जागा स्वतः ठरवावी लागते. फोटो मात्र आधी हलके करून घ्यावेत, कारण चार-पाच एमबीचे फोटो तसेच चढवले, तर इतकी चांगली मांडणी असूनही मोबाइल डेटावर पान उघडायला वेळ लागतो आणि गिऱ्हाईक तेवढा वेळ थांबत नाही.