चेखव इंग्रजीतून वाचायचा, तर कोणाचा अनुवाद घ्यावा?

रशियन येत नसेल आणि चेखवच्या कथा इंग्रजीतून वाचायच्या असतील, तर निवड बहुधा दोन अनुवादांपाशी येऊन ठेपते. एक कॉन्स्टन्स गार्नेट यांचा, जो १९१६ ते १९२२ या काळात १३ खंडांत निघाला. दुसरा रिचर्ड पेव्हिअर आणि लारिसा व्होलोखोन्स्की या दांपत्याचा, ३० निवडक कथांचा, २००० सालचा.

गार्नेटबाईंच्या हाती सगळेच रशियन लेखक एका आवाजात बोलू लागतात, ही तक्रार जुनी आहे आणि ती निराधारही नाही. तरीही त्या दोषाची झळ दस्तयेव्हस्कीला जितकी बसते तितकी मुळातच हलक्या आवाजात बोलणाऱ्या चेखवला बसत नाही, असे माझे मत आहे.

याल्टात सुरू होणारी ‘द लेडी विथ द लिटल डॉग’ ही १८९९ची कथा दोन्हींत ताडून पाहावी. पहिल्याच वाक्यातल्या किनाऱ्यावरच्या फेरफटक्याच्या जागेला गार्नेट ‘सी-फ्रंट’ म्हणतात, तर दांपत्य ‘एम्बँकमेंट’ म्हणते. कोशाप्रमाणे ते बरोबर असले, तरी वाचकाच्या डोळ्यांपुढे समुद्राऐवजी नदीचा बांध उभा राहतो. शेवटच्या वाक्यात मात्र पारडे फिरते. शेवट अजून दूर, खूप दूर आहे, असे चेखव लिहितो आणि कथा तिथेच संपवतो. पेव्हिअर-व्होलोखोन्स्की तो ‘शेवट’ जसाच्या तसा ठेवतात; गार्नेट त्याजागी लांबच लांब रस्ता आणतात. इंग्रजी ओघवते होते, पण कथा संपतानाच शेवट दूर असल्याचे सांगण्यातली खोच नाहीशी होते.

गार्नेट १९४६ साली वारल्या. त्यांचे अनुवाद आता स्वामित्वहक्कातून मुक्त असून प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतात. कथा २०० च्या घरात आहेत, मात्र त्यांचा क्रम कालानुसार नाही. दांपत्याचा संग्रह १८८३ पासून १९०३ पर्यंत क्रमाने जातो आणि त्याला टिपाही आहेत. ‘द स्टेप’सारख्या दीर्घकथांसाठी त्यांचेच २००४चे वेगळे पुस्तक घ्यावे लागते.

केवळ भरपूर चेखव वाचायचा असेल, तर गार्नेट पुरेशा आहेत, आणि आधी पैसे खर्चण्याचे कारण नाही. पण शिकवण्यासाठी, कथेच्या बांधणीवर लिहिण्यासाठी किंवा इंग्रजीवरून मराठीत आणण्यासाठी वाचत असाल, तर मी दांपत्याचा संग्रह विकत घेईन आणि गार्नेट शेजारी उघडी ठेवीन.