पॅलेट-हेडची जुळणी: पट्टी-गेज, डायल की मेकॅनिक?

इंदुरात स्क्रीन प्रिंटिंगने टी-शर्ट छापणाऱ्यांचं वर्ष सणांच्या हिशेबाने चालतं. गणपती, नवरात्र, आणि सगळ्यांत घाईची रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक. एका गेरच्या ऑर्डरमध्ये काळ्या कापडावर पांढरा बेस आणि त्यावर दोन रंग होते. दर चौथ्या टी-शर्टवर भगव्या अक्षरांच्या कडेने पांढरी रेघ डोकावायची. मी रात्रभर मायक्रोचे नॉब (स्क्रीन किंचित आजूबाजूला सरकवायचे स्क्रू) फिरवत बसलो. एक पॅलेट, म्हणजे टी-शर्ट चढवायची पाटी, जुळलं की बाकीची तीन बिघडायची. सकाळी भावाने तिसऱ्या पॅलेटवर स्टीलची पट्टी आडवी ठेवली. पुढची कड जवळजवळ दोन मिलिमीटर खाली बसली होती. नॉबचा काही दोष नव्हता.

म्हणून आधी एक गोष्ट सांगतो, कारण पुढची निवड तिच्यावरच अवलंबून आहे. रंग डावीकडे-उजवीकडे सरकलेला दिसतो, पण त्याचं मूळ बऱ्याचदा वर-खाली असतं. जाळी कापडापासून जितकी उंच, तितकी स्क्वीजी (शाई ओढायची रबरी पट्टी) तिला जास्त ताणून खाली नेते. हा ताण उंचीच्या वर्गाने वाढतो. अंतर दुप्पट झालं की ताण साधारण चौपट होतो. एका पॅलेटवर जाळी ३ मिमी वर आणि दुसऱ्यावर ५ मिमी वर असेल, तर तीच फिल्म (स्क्रीनवर ज्यावरून डिझाइन उतरवतात ती) दोन्हीकडे वेगळ्या मापाची छापली जाते. हे नॉबने कधीच सुटत नाही.

शिवाय हाताने फिरवायच्या प्रेसवर बहुतेक वेळा हेडही (स्क्रीनची फ्रेम पकडणारे वरचे हात) फिरतात आणि पॅलेटही. अशा गोल प्रेसचं पेटंट अमेरिकेत मायकेल व्हॅसिलांटोन यांना १९६९ साली मिळालं आणि आजच्या चार-चारच्या मशीनची मांडणीही त्याच कल्पनेवर उभी आहे. चार हेड आणि चार पॅलेट म्हणजे सोळा जोड्या. एकेक जोडी जुळवायला गेलात तर आयुष्य जाईल. एक हेड माप धरायचं आणि चारही पॅलेट त्याच्याखाली एका उंचीवर आणायची. मग त्यातलं एक पॅलेट माप धरायचं आणि बाकीची तीन हेड त्यावर बसवायची. पट्टी-गेज, डायल किंवा मेकॅनिक, तिन्ही पद्धतींत क्रम हाच राहतो. फरक फक्त मोजायचं कशाने आणि कोणी, एवढाच.

पट्टी आणि गेजची पद्धत मला सगळ्यांत जवळची वाटते, आणि नव्या माणसाने सुरुवात हिच्यापासूनच करावी असं माझं ठाम मत आहे. सामान सियागंजात मिळतं: स्कूटरच्या प्लगचा गॅप मोजतात तसलं फीलर गेज, एक सरळ स्टीलची पट्टी, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या चौकोनी पाइपचा फुट-दीड फुटाचा तुकडा. हा पाइप फ्रेमच्या जागी क्लॅम्पमध्ये पकडायचा आणि हेड खाली आणायचं. जुनी फ्रेम पकडू नका, ती पिळलेली असली तर पॅलेटच्या नावाने फ्रेमची चूक मोजाल. पाइप आणि पॅलेट यांच्यामधल्या फटीत ३ मिमीच्या ड्रिल बिटचा गुळगुळीत दांडा सरकवायचा. पाइप मागे-पुढे पकडून पॅलेटच्या चारही कोपऱ्यांवर दांडा सारखाच घासत गेला पाहिजे. कुठे सैल गेला तर तिथे फीलरची पाती घालून बघायचं किती कमी आहे ते. माझ्याकडे पाव मिलिमीटरच्या आत आलं की मी थांबतो.

हे करण्याआधी तीन कामं उरकायची. पॅलेटवरचा जुना गम आणि टेपचे थर घासून काढायचे, कारण गमाचा थरही उंची वाढवतो. पॅलेट ज्यावर बसतं त्या आर्मचं टोक धरून वर-खाली हलवून बघायचं. हबमध्ये (सगळे आर्म जिथे मधोमध जोडलेले असतात) किंवा गेटच्या (खाली आलेलं हेड जिथे अडकून जागेवर बसतं) बेअरिंगमध्ये खेळ असेल तर बाकी सगळी मोजणी फुकट. आणि स्पिरिट लेव्हल लावायचीच तर मशीनच्या मधल्या खांबाला लावायची. पॅलेट जमिनीला समांतर आहे की नाही याने काही ठरत नाही, ते हेडला समांतर हवं. आमच्याकडे कित्येक जण प्रत्येक पॅलेटवर लेव्हल ठेवून समाधान मानतात आणि रंग तरी आउट जातोच.

या पद्धतीची उणीव म्हणजे वेळ. पहिल्यांदा चार पॅलेटना मला अर्धा दिवस लागला. बोल्ट कसला की पॅलेट पुन्हा किंचित हलतं, मग पुन्हा दांडा. पण हात बसला की बोटांना घर्षण कळायला लागतं, आणि ती समज पुढे कायम उपयोगी पडते.

डायल गेज हे दुसरं. त्याचा मॅग्नेटिक बेस लोखंडावरच धरतो, म्हणून हेडच्या क्लॅम्पमध्ये अ‍ॅल्युमिनियमऐवजी लोखंडी पाइप पकडायचा. त्यावर डायल बसवायचा, काटा पहिल्या पॅलेटवर शून्यावर आणायचा, आणि मग एकेक पॅलेट खाली आणून वाचत जायचं. खर्च काही हजारांत जातो. सहा किंवा आठ पॅलेटची मशीन असेल तर तो दोन-तीन वेळांतच वसूल झाल्यासारखा वाटतो, कारण आकडा वहीत लिहिता येतो आणि पुढच्या महिन्यात ताडून बघता येतो. पण माझ्या मते डायलचा खरा फायदा वेगळाच आहे. पॅलेट एका टोकाला आर्मवर टेकलेलं असतं, पुढचं टोक हवेत. काटा पुढच्या कडेजवळ ठेवून हाताने स्क्वीजीइतका दाब द्या. किती वाकतं ते तिथल्या तिथे दिसतं. मोकळ्या अवस्थेत चारही कोपरे बरोबर असलेलं पॅलेट दाबाखाली मिलिमीटरभर झुकतं, हे दांड्याने सहसा कळत नाही.

डायलचा धोकाही सांगायला हवा. तो शतांश मिलिमीटर दाखवतो, आणि हाताची प्रेस तेवढी स्थिर कधीच राहत नाही. हेडमध्ये खेळ असेल तर तोही पॅलेटच्या खात्यात दिसतो. ओळखीचा एक तरुण शतांशाच्या मागे लागून दोन दिवस पान्हा फिरवत बसला होता. ते दोन दिवस छपाईचे होते.

मेकॅनिक बोलवायचा तर दोनच कारणांसाठी: आर्म वाकला असेल, किंवा गेट आणि बेअरिंग झिजले असतील. त्यासाठी सुटे भाग आणि मशीन खोलायचा अनुभव लागतो. निव्वळ लेव्हलिंगसाठी बोलावणं मला पटत नाही. तो गेला की चार दिवसांनी पॅलेट बदलावं लागतं, आणि मग तुम्ही पुन्हा फोन धरून बसता.

कोणतीही पद्धत घेतली तरी शेवटी छापून बघायचं. मधोमध आणि चार कोपऱ्यांवर अधिकचं चिन्ह असलेली एकच फिल्म सगळ्या स्क्रीनवर काढायची. रद्दी कापड सगळ्या पॅलेटवर चिकटवायचं आणि चारही हेडनी सगळ्यांवर छापायचं. मग शांतपणे वाचायचं. एक रंग सगळ्या पॅलेटवर सारखाच सरकलेला असेल तर दोष त्या हेडचा किंवा त्या स्क्रीनचा. तिथे मायक्रो फिरवा. एकाच पॅलेटवर रंग एकमेकांत जुळत नसतील आणि बाकीची पॅलेट ठीक असतील, तर नॉबला हात लावू नका, पॅलेट मोजा. सगळ्या पॅलेटवर मधलं चिन्ह जुळतंय आणि कडेची नाहीत, असं दिसलं तर उंची किंवा स्क्रीनचा ताण बघायचा. ही वाचायची सवय डायलपेक्षा मोलाची आहे.

ही चाचणी पॅलेट गरम करूनच घ्यावी. अ‍ॅल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे साधारण ०.०२३ मिमी वाढतं. जानेवारीच्या सकाळी गार पडलेलं ४० सेंटीमीटरचं पॅलेट फ्लॅशखाली (शाई सुकवायच्या हीटरखाली) ५० अंशांनी तापलं की लांबीत जवळजवळ अर्धा मिलिमीटर वाढतं. थंड पॅलेटवर जुळवलेले रंग पंचविसाव्या टी-शर्टला आउट गेल्यासारखे दिसतात ते याने. प्लायवूडची पॅलेट इतकी वाढत नाहीत, पण पावसाळ्यात पिळतात, आणि पिळलेलं प्लाय कोणत्याही शिमने (खाली घालायच्या पातळ पट्टीने) सरळ होत नाही. बदलायची वेळ आली की अ‍ॅल्युमिनियम घ्या.

मग कोणी काय घ्यावं? घरच्या खोलीत चार-चारची प्रेस आहे, एक-दोन रंगांचं काम जास्त, महिन्यात दोन-चार मोठ्या ऑर्डरी, तर पट्टी, पाइप आणि ड्रिलचा दांडा पुरे. सहा रंगांची मशीन, हाफटोनचं (बारीक ठिपक्यांचं) काम, कामाला दोन-तीन पोरं, तर डायल घ्या आणि आकड्यांची वही ठेवा, म्हणजे जुळणी एकाच माणसाच्या हातात अडकून राहत नाही. जुनी वापरलेली मशीन विकत घेत असाल तर सौदा ठरण्याआधीच आर्म हलवून बघा. गेटमध्ये खेळ निघाला तर मेकॅनिकचा खर्च किमतीतून वजा करून बोला. मशीन जागेवरून हलवली, नुसती या भिंतीची त्या भिंतीला नेली, तरी सगळं पुन्हा मोजावं लागतं.

जुळणी झाली की प्रत्येक बोल्टवर आणि त्याच्या नटवर मिळून ऑइल पेंटची एक सरळ रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला, आणि कोणत्या पॅलेटपासून सुरुवात करायची ते लगेच कळतं.