पेन सायन्सची कॉन्फरन्स: बसायची व्यवस्था एक नंबर, पण पेशंटला वेळ फार कमी

फिजिओथेरपी करते, कॉन्फरन्सेस बऱ्याच केल्यात, पण वेदनेवरची ही दोन दिवसांची कॉन्फरन्स मनापासून आवडली म्हणून सविस्तर लिहितेय.

एरवी काय होतं, ऑर्थोवाले एकीकडे, भूलतज्ज्ञ दुसरीकडे, आम्ही फिजिओ मागच्या रांगेत. इथे गोल टेबलं होती, प्रत्येक टेबलावर वेगवेगळ्या शाखेची माणसं, आणि लेक्चर सुरू व्हायच्या आधीच सगळ्यांच्या हातात एकच केस, चार वर्षांची कंबरदुखी, ऑपरेशन होऊनही दुखतंच आहे. आमच्या टेबलावरच्या सर्जननी आधी एमआरआय मागितला, मी विचारलं वाकताना दुखतं की बसल्यावर, आणि सायकॉलॉजिस्ट मॅडम म्हणाल्या, ही बाई रात्री झोपते किती? ते कागदावर कुठेच नव्हतं! तिथून जी चर्चा रंगली ती चहाची वेळ झाली तरी थांबेना.

लेक्चर्समध्ये एमआरआयवरचं सर्वात उपयोगी. २०१५ च्या एका रिव्ह्यूचे आकडे दाखवले, कंबर अजिबात दुखत नसलेल्या विशीतल्या लोकांमध्येही ३७ टक्क्यांच्या डिस्क झिजलेल्या दिसतात आणि ऐंशीच्या वयात ९६ टक्के. रिपोर्ट वाचून घाबरलेल्या पेशंटला हे कुठल्या शब्दांत सांगायचं याचा जोडीजोडीने सराव पण करून घेतला, असं कोणी करून घेत नाही हो. १९६५ च्या गेट कंट्रोल थिअरीवर (मज्जारज्जूतलं जणू एक दार दुखण्याचे संदेश अडवतं किंवा मेंदूकडे सोडतं, ही कल्पना) मात्र अख्खा तास घालवला, ते सगळ्यांना कॉलेजातच शिकवलेलं असतं.

आता खटकलेलं. ज्या पेशंटची केस होती त्या ताई दुसऱ्या दिवशी स्वतः बोलायला आल्या आणि त्यांना फक्त १५ मिनिटं, तीही जेवणाच्या आधीची. वर कंबरदुखीच्या माणसाला पोडियमशी उभं केलं! सारख्या एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होत्या, शेवटी एक सिस्टर उठल्या आणि स्वतःची खुर्ची नेऊन दिली. वेदनेच्या २०२० च्या व्याख्येसोबत आयएएसपीने, म्हणजे वेदनेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, स्पष्ट लिहिलंय की माणूस दुखतंय म्हणतो तर त्याचा मान ठेवा, सकाळीच ती स्लाइड दाखवली होती, आणि हे कोणाच्या लक्षात येऊ नये याचं फार वाईट वाटलं. त्या सिस्टरांच्या शाखेचं पॅनेलवर कोणीच नव्हतं, रात्री दोन वाजता दुखणं बघणारी माणसं तीच ना?

पाचपैकी चार. पुढच्या वेळी पेशंटला पहिलं सेशन द्या, आणि बसायला खुर्ची.