मुरवलेला चुना: जुन्या बांधकामाला हाच घ्या, पण चुना विझवल्याची तारीख विचारून

खानापूरकडच्या एका भट्टीवाल्याकडून मी वाड्या-गढ्यांच्या डागडुजीसाठी मुरवलेला चुना घेतो, म्हणजे भाजलेला चुना पाण्यात विझवून बरेच दिवस पाण्याखाली ठेवलेला. पाचपैकी चार गुण. एक का कापला तेही सांगतो.

आमच्या भावकीच्या गढीचा एक बुरूज तोफेच्या माऱ्यात फुटला, असं घरात पिढ्यानपिढ्या सांगतात. मागं कुणीतरी ते भगदाड सिमेंटनं बुजवलं आणि दर पावसाळ्यात सिमेंटच्या कडेचा जांभा भुगा होऊन पडायला लागला. जांभा पाणी पितो. ते सांध्यातून निघून जायला वाट हवी. सिमेंटनं ती बंद केली की पाणी दगडातूनच निघतं आणि दगडाचं तोंड सोबत घेऊन जातं. चुन्याचा सांधा दगडापेक्षा कच्चा असतो, तेच त्याचं बळ. झिजायचं तर आधी सांधा झिजतो, आणि तो खरवडून परत भरता येतो. दगड एकदा गेला की गेला.

आता माल. डब्याचं झाकण काढलं की वर बोटभर पाणी, खाली पांढराशुभ्र लगदा. थापी घातली तर लोण्यात घातल्यासारखी जाते, चिमटीत चोळला तर खर लागत नाही. न विझलेला खडा राहिला तर तो भिंतीत गेल्यावर फुगतो आणि गिलावा उडवतो. ह्यांच्या चुन्यात तसे खडे जवळजवळ नसतातच. एकाला तीन वाळू, थोडी सुरखी (विटांची पूड), वर ओलं गोणपाट. बुरुजाचं काम छान बसलंय.

लढाई थांबली की सगळ्यांना लवकर नीटनेटकं करून टाकायचं असतं. मला त्या घाईची फार भीती वाटते. बोस्नियातल्या मोस्तारचा जुना पूल ९ नोव्हेंबर १९९३ ला तोफगोळ्यांनी पाडला. परत बांधताना त्याच भागातला तेनेलिया दगड आणला, दगड लोखंडी पट्ट्यांनी जखडले आणि खाचांत वितळलेलं शिसं ओतलं, जुन्या कारागिरांनी केलं होतं तसंच. २००४ मध्ये पूल खुला झाला. सिंधुदुर्गाच्या पायात शिसं ओतल्याचं ऐकत आपण वाढलो, आपल्याला हे काम परकं नाही. मालीतल्या तिंबक्तूत २०१२ ला पाडलेल्या १४ समाध्या तिथल्याच गवंड्यांनी २०१५ पर्यंत मातीत परत उभ्या केल्या. उरलेल्या भिंती तपासल्या, जुने फोटो बघितले, म्हाताऱ्यांना विचारलं. इराकमधल्या मोसुलच्या, लढाईत उद्ध्वस्त झालेल्या नूरी मशिदीत तर आधी स्फोटकं काढावी लागली, २०२४ मध्येसुद्धा भिंतीत दडवलेले पाच बॉम्ब सापडले. ढिगाऱ्यातून हजारो जुन्या विटा निवडून काढल्या आणि त्यातल्या कितीतरी मिनाराच्या कामात परत लागल्या. तो ढिगारा जेसीबीनं उचलून फेकला असता तर?

बेळगावच्या किंवा कित्तूरच्या किल्ल्यात आपण हात लावायचा नाही, ते पुरातत्त्ववाल्यांचं काम. पण आपल्या भागात कितीतरी गढ्या, वेशी, समाध्या खासगी किंवा गावकीच्या आहेत. तिथं पडलेला दगड आधी जागेवर फोटो काढून, नंबर घालून बाजूला ठेवा. मगच चुन्याची ऑर्डर द्या.

आता कापलेला गुण. एकदा ह्यांनी पुरता न मुरलेला चुना पाठवला. परत नेला, पैसेही नाही मागितले, पण कामगार बसून राहिले. डब्यांची झाकणं ढिली असतात, वरचं पाणी वाटेतच सांडतं. सुरखी ह्यांच्याकडची घेऊ नका, भरड असते. चांगल्या भाजलेल्या विटा आणून स्वतः कुटून चाळलेली बरी. पावसाळ्यात गाडी वेळेवर येत नाही आणि आमच्याकडच्या पावसात चुन्याचं काम धरूही नये. दिवाळीनंतर काम काढायचं असेल तर गणपतीतच सांगून ठेवा, विझवल्याची तारीख डब्यावर लिहून मागा, आणि माल आला की पहिल्यांदा पाणी वर आहे का ते बघा.