पीएसएम पोस्टिंगचा रिव्ह्यू (ज्युनिअर्ससाठी)

इंटर्नशिपमधली 12 आठवड्यांची कम्युनिटी मेडिसिनची (म्हणजेच पीएसएमची) पोस्टिंग नुकतीच संपली, ज्युनिअर्स सारखे विचारतायत कशी असते म्हणून एकदाच लिहून टाकते. आमच्याकडे सगळे तिला पीजीच्या अभ्यासाची सुट्टी समजतात, मीही एमसीक्यूची पुस्तकं भरूनच पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) गेले होते, खोटं कशाला बोलू.

कॉलेजने कागदावर दिलेले मेंटॉर तीन महिन्यांत एकदा आले, चहा घेतला, सगळ्यांच्या लॉगबुकवर एका बैठकीत सह्या केल्या नि गेले. शून्य स्टार. क्वार्टरमध्ये पाणी एक दिवसाआड, त्यालाही शून्य.

शिकवलं ते सिस्टरनी आणि एमओ (मेडिकल ऑफिसर) सरांनी. लसीकरणाच्या दिवशी एमआरची (गोवर-रुबेला लसीची) व्हायल मी तयार केली, लेबलवर वेळ टाकायला पेन शोधेपर्यंत पुढचं बाळ रडत मांडीवर हजर, राहूनच गेलं. दुपारी सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, ही किती वाजता फोडली?" मी म्हटलं साडेदहा, अकरा असेल. त्या काही बोलल्या नाहीत, अर्धी भरलेली व्हायल बाजूला काढली आणि आयएलआरमधून (लसींच्या फ्रीजमधून) दुसरी आणली. एमआर असो की बीसीजी, पावडरीत डायल्युएंट मिसळल्यापासून चार तासांनी व्हायल टाकून द्यायची हे मी परीक्षेत लिहून मार्क घेतलेत हो, तरी मान खाली.

सरांची पद्धत म्हणजे स्वतः काही सांगायचं नाही, फक्त विचारायचं. आशाताईंबरोबर एका टीबीच्या पेशंटकडे गेले, गोळ्या मोजल्या, वजन घेतलं, खुश होऊन परत आले तर सर म्हणतात, "दिवाळीनंतर हा ऊसतोडीला जाणार, टोळी कुठल्या कारखान्यावर जाते? मुकादमाचा नंबर घेतलास?" नव्हता घेतला. दुसऱ्या दिवशी परत गेले, नंबर घेतला, मग सरांनी निक्षयवर (टीबी पेशंटच्या सरकारी पोर्टलवर) पेशंट दुसरीकडे ट्रान्सफर कसा करायचा ते शेजारी बसून दाखवलं, म्हणजे तिकडे गेल्यावर गोळ्या बंद पडायला नकोत. सहा महिन्यांच्या कोर्समधले चार बाकी होते त्याचे.

म्हणून पोस्टिंगला सरसकट रेटिंग देताच येत नाही. माझ्या रूममेटला शेजारच्या पीएचसीत तीन महिने फक्त ओपीडीच्या चिठ्ठ्या लिहायला लावल्या, तिच्यासाठी एक स्टार, माझ्यासाठी साडेचार. आता एनएमसीच्या (नॅशनल मेडिकल कमिशनच्या) फॅमिली अ‍ॅडॉप्शनमुळे पहिल्या वर्षापासूनच गावात कुटुंबं दत्तक देतात, सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजला तर बॅचच्या बॅच गावात कॅम्पला राहण्याची पद्धत फार जुनी आहे, पण तिथंही घरी जाऊन आल्यावर कुणी विचारणारं नसेल तर नुसती पिकनिकच.

पीएचसी निवडायला मिळालं तर बिल्डिंग बघू नका, एमओ राहतात कुठं ते विचारा. आणि स्वतःचं पेन न्या. तिथलं दोऱ्याने टेबलाला बांधलेलं असतं, लसीकरणाच्या टेबलापर्यंत पोचत नाही.