ध्यानाचं ॲप, आनापान आणि बागेचं शिंपणं: मृगापासून शिमग्यापर्यंतचा अनुभव

गुहागरला आमची घरगुती राहण्याजेवणाची सोय आहे. पाहुणे, फोन, गॅस सिलिंडर, सासूबाईंची औषधं यांतून ध्यानाला वेळ कुठून काढायचा, हा प्रश्न घेऊन मृगात सुरुवात केली. आता शिमगा उलटून गेलाय, म्हणून लिहितेय.

आधी ॲप. वर्षाची वर्गणी भरली. नवख्या माणसाला रोज बसायची सवय लागते, एवढं श्रेय त्याला देईन. पण त्यातल्या बाई मधाळ आवाजात सांगायच्या, 'कल्पना करा, तुम्ही समुद्रकिनारी आहात.' बागेच्या पलीकडे पावसाळी समुद्राची गाज एवढी, की त्या काय म्हणतायत तेच ऐकू येईना! शिवाय आषाढात लाइट गेली की रेंज जाते, आणि रेंज गेली की बाईही जातात. दुसऱ्याच्या आवाजाशिवाय बसताच येत नसेल तर त्याचा उपयोग काय, असं मला वाटायला लागलं.

मग आनापानाकडे, म्हणजे येणाजाणारा श्वास नुसता बघण्याकडे वळले. नात्यातल्या एकीने इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं होतं. गोएंका गुरुजींच्या परंपरेतली ही शिबिरं दानावर चालतात, फी नसते. पहिले साडेतीन दिवस फक्त श्वास बघायचा, मग शरीरावरच्या संवेदना. दहा दिवस घर सोडणं मला जमण्यासारखं नाही, त्यामुळे शिबिराबद्दल मी बोलत नाही. श्वास बघण्यापुरतं घेतलं: नाकपुड्यांच्या खाली, वरच्या ओठाच्या वर श्वास जिथे लागतो तिथे लक्ष. श्वास मोजायचा नाही, लांबवायचा नाही, सोबत नामही घ्यायचं नाही. सासूबाईंना हे पटत नाही. त्या पावसच्या स्वामी स्वरूपानंदांच्या भक्त, त्यांचा श्वास 'सोऽहम्'वर चालतो. 'नामाशिवाय नुसता वारा काय बघायचा, अगो?' असं त्या म्हणतात. त्यांचं त्यांना लागू पडलंय. मी मात्र दोन्हींची खिचडी केली नाही.

ओटीवर भिंतीला टेकून बसले की पाठ दुखायची. घोंगडीची घडी बुडाखाली घेतली, गुडघे कमरेपेक्षा खाली आले आणि फरक पडला. ज्यांचे गुडघे धरतात त्यांनी खुशाल खुर्चीत बसावं. आमटीभात जेवून दुपारी बसू नका, ती सरळ वामकुक्षी होते.

खरी गंमत पाऊस गेल्यावर, शिंपणं सुरू झाल्यावर कळली. पोफळीच्या बागेत पंप लावला की पाटाने पाणी येतं. एकेक आळं भरायचं, खोऱ्याने मातीचा बांध घालून तोंड बंद करायचं, पुढचं उघडायचं. आळं भरेपर्यंत दुसरं काही करण्यासारखं नसतं. पूर्वी तेवढ्यात मी फोन बघायची. आता तो घरात ठेवते. कोरड्या मातीत पाणी शिरताना बारीक बुडबुडे येतात, गळलेली सुपारी तरंगत कडेला लागते, आणि तेवढ्या वेळात श्वास. मन भटकलं तर पाणी आळ्यातून वाहून जातं, म्हणजे भटकल्याची पावती लगेच मिळते. डोळे मिटून बसण्यापेक्षा मला हे जास्त मानवलं. विपश्यनेचं शिक्षण घेतलेले याला ध्यान म्हणणार नाहीत कदाचित. म्हणू नयेत, माझी तक्रार नाही.

फरक काय पडला? शांतबिंत झाले नाही. पाहुणे आयत्या वेळी 'मोदक बारा नको, वीस करा' म्हणाले की संताप पूर्वीइतकाच येतो. पण तो येताना छातीत आधी कळतो, आणि तोंडातून निघण्याआधी एक श्वास मिळतो. कधीकधी तोही मिळत नाही. झोप सुधारली, पण त्यात फोन लांब ठेवण्याचा वाटा किती हे मला वेगळं काढता येत नाही.

एक सावधगिरी मात्र सांगते. मानसिक आजाराचे उपचार चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दहा दिवसांच्या शिबिराला जाऊ नये. केंद्रही अर्जात प्रकृतीची माहिती विचारतं, ती लपवू नये.

ॲपची वर्गणी आता संपत आलीय, पुन्हा भरणार नाही. त्यातल्या लाटांच्या आवाजावर नवऱ्याला मात्र छान झोप लागते. त्याला म्हटलं, खिडकी उघड, फुकट आहे.