वेगमर्यादेची खरी नोटीस आणि खोटा कोर्स

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या, विशेषतः येथील लायसन्स नुकतेच मिळालेल्या मराठी मंडळींसाठी हे लिहीत आहे. माझ्याकडे आलेली वेगमर्यादेची नोटीस पूर्णपणे खरी होती. खोटा होता तो पोलीस आणि मी यांच्यामध्ये शिरलेला 'सल्लागार'. त्याने माझ्याकडून २४५ पौंड घेतले. ही रक्कम फार मोठी नाही, परंतु त्याच्यामुळे नोटिशीची मुदत उलटली आणि जे प्रकरण एका दुपारच्या कोर्सवर मिटले असते ते लायसन्स रद्द होण्याच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचले.

स्लाव येथे ताशी ३० मैल मर्यादेच्या रस्त्यावर माझी गाडी ३७ च्या वेगाने जाताना कॅमेऱ्यात टिपली गेली. अशा वेळी गाडीच्या नोंदणीकृत मालकाला 'नोटीस ऑफ इंटेंडेड प्रॉसिक्युशन', म्हणजे खटला भरला जाऊ शकतो अशी पूर्वसूचना, टपालाने येते आणि सर्वसाधारणपणे ती गुन्ह्यापासून १४ दिवसांच्या आत पोहोचावी असा कायदा आहे. सोबत एक फॉर्म असतो. त्यात गुन्हा कबूल करायचा नसतो. त्या वेळी गाडी कोण चालवत होते एवढेच २८ दिवसांच्या आत लेखी कळवायचे असते. चालक म्हणून आपण स्वतःचे नाव कळवले की पोलीस पुढचा पर्याय ठरवतात. ३० च्या मर्यादेत वेग साधारण ३५ ते ४२ असेल आणि मागील तीन वर्षांत वेगाबद्दलचा असा कोर्स झालेला नसेल, तर बहुतेक वेळा 'स्पीड अवेअरनेस कोर्स' देऊ केला जातो. कोर्स केला तर लायसन्सवर पॉइंट, म्हणजे गुन्ह्याबद्दलचे दंडगुण, लागत नाहीत. न केल्यास १०० पौंड दंड आणि तीन पॉइंट लागतात. मी ३७ वर होतो, म्हणजे कोर्स मिळण्याच्या पट्ट्यात अगदी आरामात बसत होतो. हे तेव्हा मला कोणी सांगितले असते, तर पुढचे काहीच घडले नसते.

आमच्या भागातील भारतीय कुटुंबांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. घर भाड्याने देणे, डबे, मुलांच्या शिकवण्या, जुने सोफे असे सगळे त्यावर चालते. त्यात हा गृहस्थ स्वतःला वाहतूकविषयक सल्लागार म्हणवून घेत असे. फोनवर तो स्वच्छ मराठीत बोलला, पहिल्या वाक्यापासून मला 'दादा' म्हणाला आणि माझे लायसन्स किती जुने आहे हे त्याने आधी विचारून घेतले. येथील परीक्षा उत्तीर्ण होऊन मला वर्षही झालेले नाही हे कळताच तो म्हणाला, "दादा, मग तुमचं प्रकरण नाजूक आहे. नवीन लायसन्सवर सहा पॉइंट झाले की लायसन्स रद्द होतं."

हे वाक्य खरे आहे, आणि म्हणूनच ते घातक ठरले. १९९५ च्या नवीन चालकांविषयीच्या कायद्यानुसार, पहिली परीक्षा उत्तीर्ण झाल्यापासून दोन वर्षांच्या आत सहा पॉइंट झाले तर लायसन्स रद्द होते आणि लेखी व प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा पुन्हा द्याव्या लागतात. भारतात वीस वर्षे गाडी चालवली असली तरी त्याचा येथे उपयोग नाही. मात्र माझ्या गुन्ह्याला फार तर तीनच पॉइंट लागणार होते, ही दुसरी बाजू त्याने सांगितली नाही. अशा माणसांचे सगळे बोलणे खोटे नसते. अर्धे खरे कोणते सांगायचे हे त्यांना नेमके ठाऊक असते.

त्याचे म्हणणे असे होते की, पोलिसांना उत्तर देण्यापूर्वीच कोर्स पूर्ण करून त्याचे प्रमाणपत्र फॉर्मसोबत जोडले, तर प्रकरण तिथल्या तिथे बंद होते. शिवाय फॉर्ममध्ये एखादा शब्द चुकला तर कोर्टाचे बोलावणे येते, त्यामुळे फॉर्म तो स्वतः भरून पाठवील. कोर्स, फॉर्म आणि 'पाठपुरावा' मिळून २४५ पौंड, तेही बँकेतून थेट हस्तांतरणाने. मी पैसे पाठवले, नोटिशीचा मूळ फॉर्म त्याने दिलेल्या पत्त्यावर टपालाने धाडला आणि लायसन्सची दोन्ही बाजूंची छायाचित्रे दिली.

त्यानंतर एक लिंक आली. तीवर वाहतूक चिन्हांविषयीचे काही प्रश्न होते, उत्तरे चुकली तरी पुढे जाता येत होते, आणि शेवटी मुकुटाचे चित्र असलेले प्रमाणपत्र माझ्या नावानिशी डाउनलोड झाले. खरा कोर्स कसा असतो हे आता मला नीट माहीत झाले आहे. तो पोलिसांच्या राष्ट्रीय योजनेखाली, मान्यताप्राप्त संस्थेचा प्रशिक्षक प्रत्यक्ष वर्गात किंवा व्हिडिओ कॉलवर घेतो. तो अडीच-तीन तास चालतो, ओळखपत्र दाखवावे लागते, ऑनलाइन असल्यास कॅमेरा पूर्ण वेळ सुरू ठेवावा लागतो. त्यात परीक्षा नसते. कोर्स पूर्ण झाल्याचे संस्था परस्पर पोलिसांना कळवते, त्यामुळे आपण पोलिसांकडे प्रमाणपत्र पाठवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. शुल्क संस्थेनुसार बदलते, पण ते बहुधा १०० पौंडांच्या आतबाहेर असते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पोलिसांनी लेखी देऊ केल्याशिवाय हा कोर्स कोणालाही आपणहून विकत घेता येत नाही.

काही आठवड्यांनी पोलिसांचे स्मरणपत्र आले. त्यावर त्याचे उत्तर तयार होते: "ते संगणकावरून आपोआप जातं, आपलं उत्तर प्रक्रियेत आहे." प्रत्यक्षात फॉर्म कधीच पाठवला गेला नव्हता. त्यानंतर न्यायालयाची 'सिंगल जस्टिस प्रोसीजर नोटीस', म्हणजे एकाच न्यायाधीशाने कागदपत्रांवरून निकाल देण्याच्या पद्धतीची नोटीस, आली आणि तीत एक नव्हे तर दोन आरोप होते. पहिला वेगाचा. दुसरा १९८८ च्या रोड ट्रॅफिक ॲक्टच्या कलम १७२ खालचा, चालकाची माहिती न दिल्याचा. आणि या दुसऱ्या आरोपाला सहा पॉइंट व १,००० पौंडांपर्यंत दंड आहे. ज्या सहा पॉइंटांची भीती घालून त्याने पैसे घेतले होते, ते सहा पॉइंट त्याच्याच निष्क्रियतेमुळे माझ्या दारात आले होते.

जाब विचारल्यावर त्याने आणखी एक उपाय सुचवला, आणि तो मी मुद्दाम येथे नोंदवतो, कारण हा प्रकार समाजमाध्यमांवर उघडपणे विकला जातो. आणखी काही रक्कम दिल्यास दुसरी एक व्यक्ती 'मी गाडी चालवत होते' असे लिहून देईल आणि पॉइंट स्वतःवर घेईल, असे तो म्हणाला. हा न्यायप्रक्रियेत खोटेपणा करण्याचा गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवास होतो. क्रिस ह्यून हे ब्रिटनचे मंत्री होते. २००३ मधील वेगाच्या गुन्ह्याचे पॉइंट त्यांच्या तेव्हाच्या पत्नी विकी प्राइस यांनी आपल्या नावावर घेतले होते, आणि मार्च २०१३ मध्ये दोघांनाही आठ-आठ महिन्यांची शिक्षा झाली. मंत्र्याची ही गत, तर आपल्या व्हिसाचे काय होईल याचा हिशेब ज्याने त्याने करावा. मी नकार दिला. त्याने मला ब्लॉक केले.

यानंतर एका सॉलिसिटरचा, म्हणजे वकिलाचा, सल्ला घेतला. या नोटिशीला २१ दिवसांत उत्तर द्यावे लागते, आणि प्रकरण कागदोपत्री न मिटवता सुनावणी मागता येते. त्यांच्या सांगण्यानुसार दोन्ही आरोप तूर्त नाकारले आणि सुनावणीच्या दिवशी सरकारी वकिलांसमोर प्रस्ताव ठेवला की, वेगाचा गुन्हा मी मान्य करतो, कलम १७२ चा आरोप मागे घ्यावा. चालक कोण हे सिद्ध करणारा कागद पोलिसांकडे नसल्यामुळे अशी तडजोड येथील न्यायालयांत बऱ्याचदा होते. पण तिच्यावर आपला हक्क नसतो. माझ्या बाबतीत ती मान्य झाली. तीन पॉइंट लागले, साप्ताहिक उत्पन्नाच्या प्रमाणात दंड झाला, त्यावर अधिभार आणि खटल्याचा खर्चही आला. कोर्सची संधी मात्र केव्हाच गेली होती, कारण वेगाचा खटला सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागत असल्याने पोलीस कोर्ससाठी अमर्याद थांबत नाहीत.

बँकेने प्रथम हा 'सेवेबाबतचा वाद' असल्याचे सांगून हात वर केले. ७ ऑक्टोबर २०२४ पासून, फसवून करवून घेतलेल्या थेट हस्तांतरणाचे पैसे ८५,००० पौंडांपर्यंत परत करणे बँकांवर बंधनकारक आहे, फक्त त्यातून १०० पौंडांपर्यंत वजावट करण्याची मुभा त्यांना आहे. खोटे प्रमाणपत्र, संभाषणाच्या प्रती आणि कोर्ससाठी पोलिसांच्या पत्राची अट असते हे दाखवणारी माहिती अशी लेखी तक्रार केल्यावर १४५ पौंड परत आले. बँकेने ऐकले नसते, तर बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या फायनान्शियल ऑम्बड्समनकडे विनामूल्य जाता आले असते. लायसन्सची छायाचित्रे त्याच्याकडे असल्यामुळे सिफास या फसवणूक रोखणाऱ्या संस्थेकडे शुल्क भरून संरक्षक नोंदणीही केली, जेणेकरून माझ्या नावाने कोणी कर्ज मागितले तर जास्तीची तपासणी होईल.

आपल्याकडे आरटीओबाहेर एजंट गाठण्याची सवय इतकी अंगवळणी पडलेली आहे की, सरकारी कागद हातात आला की तो भरून देणारा माणूस शोधणे हेच आपल्याला शहाणपणाचे वाटते. येथे त्या फॉर्मला लागतात ती नाव, पत्ता, लायसन्स क्रमांक आणि सही, एवढेच. तो भरायला जास्तीत जास्त दहा मिनिटे लागतात, बऱ्याच पोलीस दलांकडे तो ऑनलाइनही भरता येतो, आणि टपालाने पाठवल्यास पावती जपून ठेवावी. पोलिसांच्या पत्रावर दिलेल्या मार्गाखेरीज कोणाच्याही सांगण्यावरून कोठेही पैसे भरू नयेत. दंडाची मागणी करणारा मेसेज फोनवर आला, तर तो खोट्या मेसेजांच्या तक्रारीसाठी असलेल्या ७७२६ या क्रमांकावर पुढे पाठवावा. पैसे गेलेच असतील, तर १५९ वर फोन केल्यास बहुतेक मोठ्या बँकांच्या फसवणूक विभागाशी थेट जोडणी मिळते.

त्या गृहस्थाला ग्रुपमधून काढण्यात आले आहे. माझ्या लायसन्सवरील नोंद गुन्ह्याच्या तारखेपासून चार वर्षे राहील, आणि विमा कंपन्या साधारणतः मागील पाच वर्षांचे विचारतात, त्यामुळे तोपर्यंत प्रत्येक नूतनीकरणाच्या अर्जात तिचा उल्लेख करावा लागणार आहे.